पाटली चोरणारा घरी आला, मग शिक्षा कुठे गेली?

पत्र थोडक्यात असं:

"मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, आटपाडी तालुक्यातल्या एका गावात एकटी राहते. २०२३ च्या दिवाळीत लेकीकडे गेले होते, तेव्हा घर फोडून माझ्या आईच्या सोन्याच्या पाटल्या चोरीला गेल्या. चोर भावकीतलाच निघाला. तेव्हा अठरा पूर्ण झालेला, आता वीस वर्षांचा. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकला. एक पाटली पोलिसांना मिळाली, दुसरीचा पत्ताच लागला नाही. गेल्या महिन्यात कोर्टानं त्याला दोषी धरलं आणि बाँड लिहून घेऊन घरी पाठवलं. कायद्यात तर सात वर्षं लिहिली आहेत. गाव म्हणतं, पैसे चारून सुटला. आता भावकीनं देवळात बैठक ठेवली आहे. त्या घराला एकवीस हजार दंड करायचा, पाच वर्षं कुणी लग्नकार्याला बोलवायचं नाही आणि मुलाच्या बहिणीची जमलेली सोयरीक मोडायची, असं ठरतंय. सुरुवात मी करावी असा आग्रह आहे. त्याची आई दोन हजार रुपये घेऊन दारात आली होती. मी दार लावून घेतलं. वाटेत तो दिसला की मान खाली घालून जातो आणि माझ्या अंगाची आग होते. त्याला शिक्षा झाली की नाही? आणि मी बैठकीला जाऊ का?"

आदरणीय बाई,

गावातली तीन पिढ्यांची मुलं तुम्हाला बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तसंच म्हणते. तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबत निकालपत्राच्या पानांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे मोघम बोलावं लागणार नाही.

कोर्टातून परत मिळालेल्या पाटलीबद्दल तुम्ही लिहिलंय, की तिला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी आणि लाखेचा ठिपका तुम्ही अजून काढलेला नाही, ती तशीच रुमालात ठेवली आहे. तिथे मी थांबले. पाटली जोडीनं घालायची असते. एक असणं म्हणजे दुसरी नसणं रोज बघणं. हे नुकसान ग्रॅममध्ये मोजता येत नाही, आणि ते मोजता आल्यासारखं मी बोलणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. तो दोषी ठरला आहे, शिक्षा मात्र सुनावायची राखून ठेवली आहे. तो निर्दोष सुटलेला नाही. निकालाच्या पहिल्या पानावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३८० खाली, म्हणजे राहत्या घरातल्या चोरीबद्दल, तो दोषी असल्याचं स्पष्ट लिहिलंय. शेवटच्या पानावर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचं कलम ४ आहे. परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन, तुरुंगाऐवजी अटींवर मोकळं ठेवणं. पंधरा हजारांचा बाँड, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी, चुलत्याची जामीनकी, मुदत तीन वर्षं आणि पहिली दोन वर्षं परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख. या मुदतीत बाँडमधली अट मोडली तर हेच कोर्ट त्याला बोलावून याच चोरीची शिक्षा सुनावू शकतं. पुन्हा साक्षी नाहीत, पुन्हा तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहायचं नाही. दोष सिद्ध झालेलाच आहे. शिक्षा लिहायची तेवढी बाकी ठेवली आहे, आणि ती तीन वर्षं त्याच्या डोक्यावर टांगलेली राहणार आहे.

सात वर्षांचं म्हणाल, तर सात ही कमाल मर्यादा. "सात वर्षांपर्यंत" मधला "पर्यंत" गावात कुणी उच्चारत नाही. शिवाय तुमचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालला. त्यांना स्वतःला तीन वर्षांच्या वर कैद देताच येत नाही. त्याहून जास्त हवी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या पोराला सात वर्षं मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. ते आधीच कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं.

पैसे चारल्याचं मी खोडून काढते ते त्या मुलाची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. असला संशय मनात घेऊन तुम्ही आणखी दहा वर्षं जगू नये म्हणून. त्याच कायद्याचं कलम ६ वाचा. आरोपी एकवीसच्या आतला असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर त्याला तुरुंगात धाडण्याआधी न्यायाधीशांनी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच पाहिजे, आणि तरीही तुरुंगच हवा असेल तर त्याची कारणं निकालात लिहिली पाहिजेत. म्हणजे तरुण पोराला घरी सोडायचं असेल तर कायदा सरळ वाट देतो, आत टाकायचं असेल तर हिशेब मागतो. तुमचा आरोपी निकालाच्या दिवशी वीस वर्षांचा होता. न्यायाधीशांनी कायद्यानं दाखवलेली वाट धरली.

पण असा कायदा का करावा, हा तुमचा खरा राग. तो मला रास्त वाटतो आणि त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

वर्गात कुणाचा कंपास चोरीला गेला तर तुम्ही काय करत होता? आधी सगळ्यांना गप्प बसवत असाल. मग दप्तरं तपासायची, ज्याच्याकडे सापडला त्याला विचारायचं, "का घेतलास?" आणि त्याचं ऐकून घेतल्यावरच काय करायचं ते ठरवायचं. कोर्टही हेच करतं, फक्त फार सावकाश आणि कागदावर. दोषी ठरवल्यावर निकाल क्षणभर थांबतो आणि आरोपीला विचारलं जातं, "शिक्षेबाबत काय म्हणणं आहे?" तालुक्याच्या कोर्टात मी वकील म्हणून तीस वर्षं काढली. सगळा खटलाभर खाली बघत असलेला माणूस या एका प्रश्नाला वर बघतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. कुणी म्हातारी आई सांगतं, कुणी कर्ज, कुणाला बोलताच येत नाही.

ते विचारावं लागतं, कारण शिक्षा म्हणजे शेवटी सरकारनं जाणूनबुजून एका माणसाला दिलेला त्रास. तुम्ही-मी कुणाला खोलीत कोंडलं तर तो गुन्हा होतो. सरकारनं कोंडलं तर तो न्याय ठरतो. तो तसा ठरायचा तर सरकारला कारण द्यावंच लागतं. केल्याची परतफेड, इतरांना जरब, धोकादायक माणसाला दूर ठेवणं, त्याला माणसात आणणं आणि ज्याचं गेलं त्याला भरून देणं, एवढीच कारणं आजवर माणसाला सापडली आहेत. प्रत्येक खटल्यात ती सगळी सारख्या वजनाची नसतात. तुमच्या प्रकरणात दूर ठेवण्याची गरज दिसत नाही. परतफेड आणि भरपाई यांना मात्र वजन होतं, आणि भरपाईच्या बाबतीत कोर्ट कमी पडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

जरबेविषयी एक जुनी हकिकत सांगते, कारण ती घरातल्या चोरीचीच आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरला तर फाशी होती. दोनशेच्या वर गुन्ह्यांना तिथे फाशी लिहिलेली होती. मग काय झालं? चोरट्याला फासावर चढवायचं ज्यूरीतल्या साध्या माणसांच्या जिवावर यायचं. समोर डोळ्यांनी दिसणाऱ्या मालाची किंमत ते शपथेवर एकोणचाळीस शिलिंग ठरवायचे. शिक्षा इतकी जड झाली की ती देणाऱ्यांचेच हात थरथरू लागले, आणि खरं बोलायला बसवलेली माणसं खोटं बोलू लागली. त्याच शतकात, १७६४ साली, इटलीतल्या बेकारिया नावाच्या तरुणानं ठासून मांडलं, की गुन्हेगार शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती नक्की मिळणार याला जास्त घाबरतो. तुम्ही शाळेत हे रोज पाहिलं असेल. सहा छड्यांची धमकी देऊन विसरून जाणाऱ्या मास्तरांना कुणी जुमानत नाही. एकदाच डोळे वटारणाऱ्या, पण न चुकता वटारणाऱ्या बाईंना मुलं वचकून असतात.

माणसात आणण्याचं तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या आटपाडीलाच स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानानं तिथे शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीविना, बायकामुलांसह शेती करायला ठेवलं. त्या काळात ते करायला केवढं धाडस लागलं असेल! त्यांचा हिशेब साधा होता. हा माणूस कधी ना कधी बाहेर येणारच आहे, आणि आल्यावर तो शेजारीच राहणार आहे. तुमच्या पोराच्या बाबतीतही तेच. तुरुंगात गेला असता तर कुणाच्या संगतीत राहिला असता? आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी जवळपास तिघे अजून खटला चालू असलेले, दोष सिद्ध न झालेले असतात. बराकी भरून वाहतात. तिथून दीड-दोन वर्षांनी परत आलेला मुलगा तुमच्याच गल्लीत राहायला आला असता, आणि तेव्हा त्याला कुलपं उघडायच्या आणखी चार तऱ्हा येत असत्या.

देखरेख कागदावरच राहते, असं लोक म्हणतात. काही ठिकाणी राहते, हे मी नाकारणार नाही. एकेका अधिकाऱ्याकडे फार मुलं असतात. तरी माझ्या डोळ्यांसमोरची दोन उदाहरणं सांगते. एक माझा अशील होता. त्यानं विहिरीवरची पाण्याची मोटर चोरली होती. परिवीक्षा अधिकारी त्याच्या घरी गेले ते न सांगता, संध्याकाळी. अहवालात त्यांनी घर किती खोल्यांचं, बाप काय कमावतो, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, शेजारी काय म्हणतात, सगळं लिहिलं होतं. पुढे दर महिन्याला हजेरी. पहिलं वाक्य नेहमी एकच, "हात दाखव." गॅरेजमध्ये कामाला लावलेल्या पोराच्या नखांत वंगण आहे का, ते बघायचे. त्या शेतकऱ्याला मोटरचे पैसे कोर्टाच्या आदेशानं हप्त्यांनी मिळाले. दुसरा मुलगा मात्र चौथ्या महिन्यात पुन्हा चोरी करताना सापडला. त्याला बोलावलं, आधीच्या गुन्ह्याची आठ महिने कैद सुनावली आणि पोलीस त्याला तिथूनच घेऊन गेले. बाँड दोघांनीही सारखाच लिहून दिला होता.

आता भरपाईकडे येते, कारण इथे तुम्हाला करण्यासारखं काही आहे.

त्याच १९५८ च्या कायद्याचं कलम ५ सांगतं, की आरोपीला बाँडवर सोडताना कोर्ट त्याला नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च भरायला लावू शकतं. तुमच्या आदेशात याबद्दल एक अक्षर नाही. दुसरी पाटली मिळाली नाही हे निकालात नोंदवलंय, आणि पुढचा परिच्छेद थेट बाँडवर जातो. तुम्ही मागितली नाही आणि सरकारी वकिलांनी आठवण केली नाही, असंच बहुधा झालं असावं. तुरुंग टाळायचा तर भरपाईनं त्याची जागा घ्यायला हवी होती. सुधारायची संधी त्याला मिळाली, पण तिचा खर्च तुम्ही सोसायचा, हे मला पटत नाही.

म्हणून असं करा. निकालाची प्रमाणित नक्कल काढा, फोटो चालत नाहीत. अपिलाला थोडेच दिवस असतात. तीस दिवस धरून चाला आणि ते संपत आले असतील तर उद्याच तालुका विधी सेवा समितीत जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तुमची पेन्शन आड येत नाही. टोल फ्री क्रमांक १५१०० आहे. वकिलांना कलम ५ दाखवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ नं पीडिताला २००९ पासून अपिलाचा हक्क दिला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४१३ मध्ये आहे. पण त्याची हद्द नीट समजून घ्या. आरोपी निर्दोष सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडित अपील करू शकतो. "शिक्षा वाढवा" म्हणून त्याला अपील करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. ते काम सरकारचं. तुमच्या आदेशात भरपाई मुळीच नाही, तेव्हा अपील घालायचं की पुनरीक्षण अर्ज (वरच्या कोर्टानं आदेश तपासून पाहावा अशी विनंती), हे वकील ठरवतील. दोन्ही सत्र न्यायालयातच. पाटल्यांचं वजन आणि जुनी पावती असेल तर ती शोधा. पावती नसेल तर लग्नातला एखादा फोटो, ज्यात तुमच्या आईच्या हातात त्या दिसतात.

त्याच्या आईचे दोन हजार हातात घेतले नाहीत ते एका अर्थी बरंच झालं. उद्या कुणी म्हटलं असतं, मिटलं प्रकरण. पण निरोप धाडा, की जे द्यायचं ते कोर्टात भरा. ती बाई आली, तिला काहीतरी परत करायचं होतं. तेवढं तिचं तिच्या पदरात टाका.

आणि बैठक. इथे मी वडीलधाऱ्या माणसाला सांगतेय हे विसरून जरा जोरात बोलते. बोलायची सुरुवात तुम्ही करू नका. बोलायचंच असेल तर ही बैठक थांबवण्यासाठी बोला.

कोर्टात त्याच्यावर आरोप ठेवला तो आधी लिहून, वाचून दाखवून. पंचनामा झाला, साक्षी झाल्या, त्याच्या वकिलानं तुम्हाला आडवेतिडवे प्रश्न विचारले. त्यानं तुम्हाला त्रास झाला हे मला माहीत आहे. शिक्षा किती द्यायची ते गुन्हा घडण्याआधीच पुस्तकात छापलेलं होतं. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून नवी न्याय संहिता आलेली असूनही त्याला जुनीच संहिता लागली. गुन्ह्याच्या दिवशी होती त्याहून जास्त शिक्षा कुणाला देता येत नाही, आणि एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा देता येत नाही. ही दोन्ही वचनं घटनेच्या कलम २० मध्ये आहेत. आणि निकाल चुकला तर वर दाद मागता येते, जशी तुम्ही आता मागणार आहात. देवळातल्या बैठकीत यातलं काय आहे? एकवीस हजार हा आकडा कुठून आला? तो कुणाच्या खिशात जाणार? पाच वर्षं कुणी मोजली? दाद कुणाकडे मागायची?

आणि त्या मुलीनं काय केलंय? भाऊ घर फोडत होता तेव्हा ती कुठे होती हे कुणी विचारलंय का? कायद्याची शिक्षा करणाऱ्याच्याच अंगावर पडते. त्या शिक्षेला बहिणीच्या हळदीपर्यंत जायची मुभा नाही. तीही कदाचित तुमच्याच वर्गात बसली असेल.

शिवाय तो गुन्हा आहे. आपल्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली एकमतानं मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ पासून लागू झाला. मुंबई राज्याचा १९४९ चा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये रद्द ठरवला होता. तेव्हापासून वाळीत टाकलेली कुटुंबं अर्धं शतक उघड्यावर होती. आता जातीच्या किंवा समाजाच्या बैठकीनं कुणाला लग्नकार्यातून, व्यवहारातून तोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चिथावणी देणारे आणि मदत करणारेही त्यात येतात. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ठरावाची सुरुवात तुमच्या तोंडून झाली, तर फिर्यादी म्हणून ज्या कोर्टात गेलात तिथेच आरोपी म्हणून उभ्या राहाल. भावकीतल्या ज्या जाणत्या माणसाचं तुम्ही ऐकता, त्याला हे आजच जाऊन सांगा, बैठकीच्या दिवसाची वाट बघू नका. तरी बैठक भरलीच तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.

मुलगा मान खाली घालून जातो, त्याचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. काहीच करू नका, असंही चालेल. कोर्टानं त्याला संधी दिली ती राज्याच्या वतीनं. तुमच्या वतीनं माफी द्यायचा अधिकार कोर्टाला नव्हता, आणि तो त्यानं वापरलाही नाही. माफ करा असं तुम्हाला कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. अंगाची आग होते तोवर होऊ द्या. मात्र एक करून बघा. परिवीक्षा अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. त्यांचं नाव आणि दालन कोर्टाच्या बेंच क्लार्ककडून कळेल. त्यांना विचारा की तो हजेरीला जातो का, काय काम करतो. आणि दुसरी पाटली त्यानं कुणाला विकली, ते त्याच्याकडून काढून घ्या म्हणावं. पोलिसांना जे दोन वर्षांत सांगितलं नाही ते मुलं कधी कधी दर महिन्याला भेटणाऱ्या माणसाला सांगतात. मोटरवाल्यानं पाचव्या हजेरीला सांगितलं होतं.